भरवशाच्या माणसाला वाट बदलायची असते तेव्हा

ज्याच्यावर सगळ्या विभागाची भिस्त असते, त्या कर्मचाऱ्याला नोकरी सोडणं सर्वांत जड जातं. पाट्या टाकणारा माणूस राजीनामा देतो तेव्हा कुणाचं फारसं अडत नाही आणि त्याच्याही जिवाला काही लागत नाही. पण जो दिलेला शब्द पाळतो, दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम न सांगता पुरं करतो, त्याच्या मनात वेगळ्या क्षेत्रात जायचा विचार आला की त्याला आधी अपराधी वाटतं आणि मग उत्साह येतो. हिशेब तपासणाऱ्या बाईंना शाळेत शिकवायचं असतं, प्रोग्रॅमरला नर्सिंगकडे वळायचं असतं, विक्री विभागातल्या कुणाला चाळिशीत कायदा शिकायचा असतो. रात्री अभ्यास करताना, अर्ज भरताना, मुलाखतीसाठी रजा टाकताना ही माणसं स्वतःला चोर समजू लागतात.

हा अपराधीपणा चुकीच्या जागी आहे, असं माझं ठाम मत आहे. कर्मचारी संस्थेला काम देणं लागतो आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत चोख देणं लागतो. आपलं पुढचं आयुष्य तो देणं लागत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ आपण इतकी वर्षं करत आलो आहोत की भरवशाचा कर्मचारी म्हणजे कुठेही न जाणारा कर्मचारी, असा अर्थ रूढ झाला. त्याचं नुकसान कर्मचाऱ्याला होतं आणि संस्थेलाही होतं.

नोकरी सोडणं हा गुन्हा आहे ही समजूत हवेतून आलेली नाही. एके काळी तो खरोखरच गुन्हा होता. ब्रिटनमध्ये 1823 च्या कायद्यानुसार मुदतीआधी काम सोडणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. तोच करार मालकाने मोडला तर त्याच्यावर फार तर पैशांचा दावा चाले. ही फौजदारी तरतूद 1875 मध्ये गेली. हिंदुस्थानात 1859 मध्ये त्याच धर्तीवर कायदा आला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जाण्याचा हुकूम देई आणि तो न मानल्यास तुरुंगात धाडी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत हा कायदा टिकला. आता कुणी तुरुंगात जात नाही, पण राजीनाम्याचा कागद हातात घेतलेल्या माणसाकडे ‘हा करार मोडून पळतोय’ अशा नजरेने पाहण्याची सवय त्या काळापासून चालत आली आहे. करारात नोटीस देऊन जाण्याची सोय दोन्ही बाजूंना असते. ती वापरणं म्हणजे करार पाळणंच, हे त्या नजरेला दिसत नाही.

‘खाल्ल्या मिठाला जागावं’ हे वाक्य आजही कामाच्या ठिकाणी ऐकू येतं, कधी मायेने, कधी धाक म्हणून. पगार हा झालेल्या कामाचा मोबदला असतो. काम आधी होतं, पैसे नंतर येतात, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंचा हिशेब चुकता होतो. त्यापलीकडे उरते ती माणसामाणसांतली कृतज्ञता. ज्या वरिष्ठाने काम शिकवलं, घरच्या अडचणीच्या काळात सांभाळून घेतलं, चूक झाली तेव्हा सगळ्यांसमोर पाठीशी उभा राहिला, त्याचं ऋण मी कमी लेखत नाही. पण ते ऋण त्या माणसाचं असतं. तो स्वतःही उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, आणि जातोही.

भरवशाच्या माणसाचं पुढे काय होतं, याचा एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 1,400 व्यवस्थापकांपुढे एका काल्पनिक कर्मचाऱ्याचं वर्णन ठेवलं. कंपनी अडचणीत आहे, जादा मोबदला न देता जादा काम कुणाला तरी सांगायचं आहे, तर या माणसाला सांगाल का, असा प्रश्न होता. कर्मचारी निष्ठावान आहे असं वर्णनात लिहिलेलं असलं की ते काम त्याच्या माथी मारायला व्यवस्थापक अधिक राजी होत. याची उलट बाजू तर आणखी बोचणारी आहे. जो असं फुकटचं काम स्वीकारतो, तो त्यांच्या नजरेत अधिक निष्ठावान ठरत होता. म्हणजे आज होकार दिला की उद्याचंही काम त्याच्याकडेच येणार, आणि या चक्राला आतून थांबायचं काही कारणच नाही.

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे कळायला अभ्यासाची गरज नाही, हे मान्य. पण त्यातून करिअर बदलू पाहणाऱ्याचं काय होतं हे नीट पाहायला हवं. वेगळ्या क्षेत्रात जायचं तर संध्याकाळ लागते, सुट्टीचा दिवस लागतो, डोकं थोडं ताजं लागतं. भरवशाच्या माणसाकडून पहिल्यांदा काढून घेतलं जातं ते हेच. त्याला कुणी अडवत नाही, ‘जाऊ नकोस’ असं कुणी म्हणत नाही. पण घरी पोचेपर्यंत त्याच्यात पुस्तक उघडण्याइतकंही त्राण उरत नाही. संस्थेतल्या संस्थेत वेगळ्या विभागात जायचं म्हटलं, तरी उत्तर ठरलेलं असतं: तुझ्याशिवाय ही जागा कोण सांभाळणार? काम उत्तम करणं हेच त्या कामात अडकून राहण्याचं कारण बनतं. कित्येक माणसं शेवटी राजीनामा देतात ती कामाला कंटाळून नव्हे, तर आपण इथे कायमचे गृहीत धरले गेलो आहोत हे ध्यानात आल्यावर.

आता कर्मचाऱ्याच्या बाजूकडे येतो, कारण तिथेही गोड बोलून भागणार नाही. जायचं ठरलं की काम सैल पडतं. मन पुढच्या ठिकाणी पोचलेलं असतं, हात इथे असतात. ‘यांनी माझ्यासाठी काय केलं?’ असा सवाल मनात तयार असतो, आणि वरचा अभ्यास वाचल्यावर तो सवाल रास्तही वाटतो. तरी मी म्हणेन की काम सैल सोडू नये. संस्थेचा राग सहसा संस्थेला लागतच नाही. ज्या फायली तपासायच्या राहिल्या त्यांचा भार शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यावर पडतो, ज्या ग्राहकाला उत्तर गेलं नाही तो कुठल्याच भांडणात नसतो. शिवाय जो माणूस क्षेत्रच बदलतो आहे त्याच्याकडे नव्या जागी दाखवायला त्या क्षेत्रातला अनुभव नसतो. त्याच्याबद्दल कुणी काही चांगलं सांगू शकत असेल तर ते जुन्या जागचे लोकच. हिशेब तपासणाऱ्या बाईंना शाळेतल्या अध्यापनाचा दाखला कुणी देऊ शकणार नाही, पण ‘त्यांनी हातात घेतलेलं काम कधी अर्धवट राहिलं नाही’ एवढं वाक्य कुणीतरी मनापासून म्हणालं तर ते नव्या दारात त्यांच्या आधी पोचतं.

रेषा कुठे ओढायची, याबद्दल माझी मतं बऱ्यापैकी कडक आहेत. कामाच्या वेळेत नोकरी शोधू नये, आणि संस्थेच्या लॅपटॉपवर रिझ्युमे लिहू नये, अगदी जेवणाच्या सुट्टीतही नाही. मुलाखतीसाठी हक्काची रजा घ्यावी. आजारी असल्याचं खोटं कारण देऊ नये, कारण त्या दिवशी आपलं काम उचलणारा सहकारी ते खऱ्या काळजीपोटी उचलत असतो. ग्राहकांच्या याद्या, किमतींचे तक्ते, अंतर्गत कागद यांतलं काहीही ‘नमुना म्हणून’ सोबत नेऊ नये. स्वतःच्या डोक्यात जे कौशल्य साठलं ते आपलं, फाइलमध्ये आहे ते संस्थेचं.

गुंतागुंत होते ती मधल्या काळात. आपला शोध चालू आहे आणि नेमकी बढती समोर येते, किंवा दोन वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची जबाबदारी. घ्यावी का? जोवर हातात काहीच नाही तोवर घ्यावी, असं मला वाटतं. इच्छा म्हणजे निर्णय नव्हे. मनात आलेल्या प्रत्येक शक्यतेचा हिशेब संस्थेला देत बसलं तर कुणालाच कुठलीच जबाबदारी घेता येणार नाही. पण नव्या जागेचं पत्र हातात आलं, तारीख ठरली, आणि तरीही कुणी महागड्या प्रशिक्षणाला जाऊन बसत असेल किंवा दुसऱ्या कुणाला मिळू शकणारी संधी अडवून ठेवत असेल, तर ते अप्रामाणिक आहे. तिथे नम्रपणे नाही म्हणावं.

आणि वरिष्ठाने थेट विचारलं तर? ‘दुसरीकडे प्रयत्न चालू आहेत का?’ या प्रश्नापुढे माणसं एक तर खोटं बोलतात किंवा घाबरून सगळं ओकून टाकतात. दोन्हींची गरज नसते. ‘पुढे काय करायचं याचा विचार मी करत असतो. काही ठरलं तर सर्वांत आधी तुम्हाला कळेल, आणि तोवर कामात कसूर होणार नाही’, एवढं उत्तर पूर्ण खरं आहे, आणि ते ऐकणाऱ्यालाही पुरेसं असायला हवं. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. संस्थासुद्धा कपातीचा विचार सुरू झाल्या दिवशी कर्मचाऱ्यांना बोलावून सांगत नाही. निर्णय झाल्यावर सांगते, आणि बहुतेकांना ते व्यवहाराला धरून वाटतं.

अँथनी क्लॉट्झ आणि मार्क बोलिनो यांनी 2016 मध्ये राजीनामा देण्याच्या पद्धतींचा अभ्यास मांडला. त्यांना सात तऱ्हा दिसल्या. कुणी नियमावर बोट ठेवून जातं, कुणी कोरडेपणाने, कुणी आभार मानून, कुणी सगळे संबंध तोडून. त्यांतली एक तऱ्हा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: माणूस राजीनाम्याच्या कितीतरी आधीपासून वरिष्ठाला विश्वासात घेतो, आपल्या मनात काय घोळतंय ते सांगतो. हे कुठे घडू शकतं? जिथे आधी असं सांगणाऱ्याचं काही वाईट झालं नाही, तिथेच. ज्याने ‘मला संशोधनाकडे वळायचंय’ असं मोकळेपणी सांगितलं आणि त्याच वर्षी त्याचं अप्रेझल घसरलं, त्याच्या शेजारी बसणारे सगळे गप्प राहायला शिकतात. मग एके दिवशी अचानक राजीनामा येतो आणि व्यवस्थापन म्हणतं, आम्हाला विश्वासात घेतलं नाही. कर्मचारी किती आधी बोलतो यावरून संस्थेने स्वतःला जोखावं.

नोकरी सांभाळून दुसरी वाट शोधणं म्हणजे दोन दगडांवर पाय, हा आक्षेप नेहमीचा. उदाहरणं मात्र वेगळं सांगतात. आल्बर्ट आइनस्टाइन 1902 मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून लागले. ज्या 1905 सालच्या शोधनिबंधांनी भौतिकशास्त्र बदललं, ते त्यांनी ही नोकरी करत असतानाच लिहिले. पुढच्या वर्षी कार्यालयाने त्यांना दुसऱ्या श्रेणीत बढती दिली, आणि विद्यापीठात पद मिळाल्यावर 1909 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. बढती देणाऱ्यांना त्यांचं पेटंट तपासण्याचं काम पसंत होतं, आपल्यासाठी इथे एवढंच पुरे. प्रतिभेची तुलना कुणी करू नये. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांचं उदाहरण सर्वसामान्यांच्या अधिक जवळचं आहे. ते 1834 मध्ये ब्रिटिश टपाल खात्यात कारकून म्हणून आले आणि 1867 मध्ये बाहेर पडले. दरम्यान पहाटे उठून, कामावर जाण्याआधी ते कादंबऱ्या लिहीत राहिले. खात्याला त्यांनी काय दिलं? चॅनेल बेटांवर 1852 मध्ये रस्त्याकडेला टपालपेट्या उभारल्या गेल्या, त्या त्यांच्या शिफारशीवरून. साठीच्या आधी खातं सोडलं तर निवृत्तिवेतन बुडणार होतं, म्हणून तेवढं उत्पन्न देऊ शकेल इतकी शिल्लक पडेपर्यंत ते थांबले. स्वप्नाच्या मागे धावताना हिशेबही मांडणारा हा माणूस मला फार विश्वासार्ह वाटतो.

व्यवसाय सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत याला आकड्यांचाही आधार आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं, की नोकरी करता करता व्यवसाय सुरू करून मग त्यात पूर्णवेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, नोकरी सोडून थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी होती. कारण समजायला सोपं आहे. घरखर्चाची चिंता नसेल तर आपल्याला हे जमतंय की नाही, आवडतंय की नाही, हे शांतपणे तपासता येतं, आणि नाही जमलं तर थांबताही येतं. करिअर बदलणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा हेच सांगत आल्या आहेत. आधी आत्मपरीक्षण करून ‘खरं ध्येय’ शोधायचं आणि मग पाऊल उचलायचं, असं क्वचितच घडतं. माणसं छोटे छोटे प्रयोग करतात, सुट्टीच्या दिवशी एखादं काम करून पाहतात, वेगळ्या लोकांत मिसळतात, आणि करता करता त्यांना उमगतं. अशा प्रयोगांना नोकरीचा आधार लागतो. म्हणून शोधाच्या काळात नोकरी टिकवण्यात कसली फसवणूक आहे, असं मला वाटत नाही.

मात्र हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. पहाटेचे तास हातात असणं हीसुद्धा एक मिळकत आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे, ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यांना ‘नोकरी सांभाळून शिका’ म्हणणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं. अशांना शिक्षणासाठी बिनपगारी रजा किंवा काही महिन्यांपुरतं अर्धवेळ काम मिळालं तरच वाट उघडते. संस्था ही सोय द्यायला कचरतात, कारण त्यांना वाटतं माणूस शिकला की जाईल. काही जण जातीलही. पण ज्याला जायचं आहे आणि जाता येत नाही, असा कर्मचारी वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत ठेवून संस्थेला नक्की काय मिळतं, हे मला कुणी अजून समजावून दिलेलं नाही.

मालकांच्या बाजूने एक आक्षेप मात्र खरा आहे. दहा-बारा माणसांच्या संस्थेत एक अनुभवी माणूस गेला की काम कोलमडतं. त्याला शिकवण्यात घातलेला काळ वाया जातो. रुग्णालयात, शाळेत, सुरक्षेच्या कामात तर अचानक गेलेल्या माणसाची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो. हे मी नाकारत नाही. म्हणूनच नोटीस असावी, म्हणूनच हॅन्डओव्हर चोख असावा. संस्थेने पैसे भरून एखादा अभ्यासक्रम करून दिला असेल तर ठरावीक काळाच्या आत जाणाऱ्याने त्या खर्चाचा उरलेला वाटा परत करावा, हेही न्याय्य आहे. अट एवढीच की रक्कम प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतकीच असावी आणि काळ सरेल तशी ती कमी होत जावी. रोजचं काम शिकवण्याला ‘प्रशिक्षण’ म्हणून त्यावर बाँड लिहून घेणं हे मात्र जुन्या आगाऊ रकमेच्या कायद्याचंच नवं रूप आहे. आणि एका माणसाच्या जाण्याने सगळं कोलमडत असेल, तर काम एकाच्या डोक्यात साठू दिलं कुणी? त्याने रजा मागितली की ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यानेच ना!

इथे भरवशाच्या कर्मचाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते, आणि ती राजीनाम्याच्या कितीतरी आधी सुरू करता येते. आपलं काम लिहून ठेवणं. कुठला अहवाल कुठून तयार होतो, कुठल्या ग्राहकाशी कसं बोलावं लागतं, महिन्याच्या अखेरीला हमखास कुठे अडतं, कुठला पासवर्ड कुणाकडे आहे. बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याशिवाय चालत नाही हीच आपली सुरक्षितता. ज्याला एक दिवस जायचं आहे त्याच्यासाठी ती बेडी आहे. सहकाऱ्याला सोबत बसवून काम दाखवावं, रजेवर जाताना फोन न येता काम निभावतंय का ते पाहावं. हे सगळं संस्थेच्या हिताचं आहेच. समजा माणूस गेलाच नाही, तरी त्याचा बोजा हलका होतो. वेगळ्या विभागात जायचं झालं तर ‘ही जागा कोण सांभाळणार’ या प्रश्नाला तोवर एका माणसाचं नाव मिळालेलं असतं.

कायद्याबद्दल बोलायचं तर 1872 या वर्षाचा एक योगायोग मला फार बोलका वाटतो. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी दिवाणी कायद्याची एक संहिता रचली होती. कॅलिफोर्नियाची त्या वर्षीची दिवाणी संहिता त्या मसुद्यावर बेतलेली होती, आणि त्याच वर्षीच्या भारतीय करार कायद्यातलं कलम 27 सुद्धा त्याच मसुद्यातून आलं. एखाद्याला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार, काही अपवाद वगळता, रद्दबातल, असा दोन्हींचा आशय. नोकरी सोडल्यावर अमुक काळ तमुक काम करणार नाही, असं लिहून घेण्याची प्रथा तरीही जगभर पसरली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अंदाजानुसार तिथल्या सुमारे 3 कोटी कामगारांवर, म्हणजे जवळजवळ पाचांतल्या एकावर, असं बंधन होतं. आयोगाने एप्रिल 2024 मध्ये त्यावर बंदी आणणारा नियम केला, ऑगस्टमध्ये टेक्ससमधल्या न्यायालयाने तो रोखला, आणि 2025 मध्ये आयोगाने त्याचा नादच सोडला.

क्षेत्रच बदलणाऱ्याला असलं कलम आडवं येणार नाही, असं कुणाला वाटेल. पण बदल क्वचितच इतका टोकाचा असतो. औषध कंपनीतला रसायनतज्ज्ञ पेटंटच्या कामाकडे वळतो, बँकेतली अधिकारी आर्थिक सल्लागार होते, कारखान्यातला अभियंता त्याच यंत्रांचं प्रशिक्षण देऊ लागतो. जुनं कौशल्य सोबत घेऊनच माणूस शेजारच्या क्षेत्रात पाऊल टाकतो, आणि नेमकी तिथेच कलमाची भाषा संदिग्ध असते. न्यायालयात ते टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. पगारावर जगणारा माणूस वकिलाच्या दारापर्यंत जातच नाही. कागदावरची ओळ वाचून तो घाबरतो आणि थांबतो.

कर्मचाऱ्याला न कळवता संस्था आपसांत काय ठरवतात, याचाही दाखला आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2010 मध्ये ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी, इंट्युइट आणि पिक्सार यांच्यावर कारवाई केली, कारण एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी विचारायचं नाही असे करार त्यांच्यात झालेले होते. पुढे कर्मचाऱ्यांनी केलेल्या दाव्यात ॲपल, गूगल, इंटेल आणि ॲडोबी यांनी 41.5 कोटी डॉलर देऊन 2015 मध्ये तडजोड केली. निष्ठेची अपेक्षा करणाऱ्यांनी ही बाजूही विसरू नये.

पण करिअर बदलणाऱ्याची खरी कोंडी करते ती नोटीस पिरियडची लांबी. त्याच क्षेत्रात दुसरीकडे जाणाऱ्या अनुभवी माणसासाठी नवी संस्था तीन महिने थांबते. तिला तोच हवा असतो. क्षेत्र बदलणारा मात्र नव्या ठिकाणी नवशिका असतो. त्याच्यासारखे दहा जण रांगेत असतात, त्यांतले काही उद्यापासून यायला तयार असतात. तीन महिन्यांची नोटीस आहे म्हटलं की त्याचा अर्ज बाजूला पडतो. मग तो आधी राजीनामा देऊन, हातात काही नसताना, नोटीस काढतो, म्हणजे जो धोका घेऊ नये म्हणून तो नोकरी सांभाळून शोध घेत होता तोच धोका त्याच्या गळ्यात पडतो. लांब नोटिशीचं समर्थन करताना ‘दोन्ही बाजूंना सारखीच आहे’ असं सांगितलं जातं. तिचा भार मात्र सारखा नाही. संस्थेला घाई असेल तर ती त्या महिन्यांचा पगार हातावर ठेवून माणसाला मोकळं करू शकते. तेवढाच पगार उलट भरून बाहेर पडणं किती जणांना परवडतं?

जर्मनीच्या दिवाणी संहितेने यावर विचार केलेला दिसतो. तिथे कर्मचाऱ्याने द्यायची कायदेशीर नोटीस मुळात चार आठवड्यांची आहे, तर मालकाने द्यायची नोटीस नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत जाते आणि वीस वर्षांनंतर सात महिन्यांची होते. ब्रिटनमध्येही कायद्याने कर्मचाऱ्यावर किमान एकाच आठवड्याचं बंधन आहे, मालकावर मात्र सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे एक आठवडा, बारा आठवड्यांपर्यंत. करारात याहून जास्त लिहिता येतं, पण कायद्याचा कल स्पष्ट आहे: जितकी जास्त वर्षं कुणी भरवशाने काम केलं, तितकी त्याच्याबद्दलची जबाबदारी संस्थेवर वाढते. आपल्याकडच्या चर्चेत हा क्रम नेमका उलटा असतो. जितकी जास्त वर्षं, तितकं जाणाऱ्याने जास्त थांबावं अशी अपेक्षा.

माझी मागणी साधी आहे. कर्मचाऱ्याची नोटीस, फार मोजकी पदं सोडली तर, एका महिन्यापेक्षा जास्त असू नये. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशी हातात पडावा. तो अडवून ठेवणं हा दंडनीय अपराध मानावा, कारण नव्या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नसतो. नोकरीनंतरच्या कामावर निर्बंध घालायचाच असेल तर त्या काळाचा पगार संस्थेने द्यावा. नोकरीत असताना संस्थेच्या वेळेबाहेर, तिच्याशी स्पर्धा न करणारं शिक्षण किंवा काम करायला परवानगी मागायची गरज पडू नये.

राजीनामा आल्यावर काउंटर ऑफर देण्याच्या रिवाजाबद्दलही थोडं. ज्याला फक्त पगार कमी पडत होता त्याच्यासाठी ती ठीक. पण शिकवायला निघालेल्या बाईंना जास्त पगाराचा आकडा दाखवणं म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकलंच नाही असं सांगणं, आणि हा आकडा काल का शक्य नव्हता, हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा पेरणं. त्यापेक्षा वरिष्ठाने विचारावं की शेवटच्या महिन्यात कोणती कामं पुरी करून जाऊ शकाल, कुणाला शिकवाल, आणि नव्या ठिकाणी आमच्याकडून काय लिहून हवं आहे. हे संभाषण बंद दाराआड झालं तरी त्याचा निकाल सगळ्या विभागाला कळतो. जाणाऱ्याला बैठकांतून वगळलं जातंय की निरोपाला विभागप्रमुख स्वतः उभे राहतात, हे पाहणाऱ्यांत असेही काही जण असतात ज्यांनी कालच रात्री कुठला तरी अर्ज अर्धा भरून ठेवलेला असतो. पुढचे काही महिने ते कसं काम करतील, आणि जाण्याआधी तोंड उघडतील की नाही, हे त्याच दिवशी ठरतं.